ऐकायला शिकणारा मेंदू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारते. आपण ऐकतो ते कशानं? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय, कानानं! पण जरा थांबा. हमरस्त्यालगतच्या घरात रात्रभर ट्रक धडधडत जात असतात आणि घरातली बाळंतीण गाढ झोपलेली असते. ट्रकच्या आवाजानं ती जागी होत नाही. पाळण्यातलं बाळ नुसतं कुरकुरलं की मात्र ताडकन उठून बसते. दोन्ही आवाज तिच्या कानांवर पडत होते, आणि ट्रकचा तर कितीतरी मोठा होता. मग कोणत्या आवाजाला उठायचं, हे ठरवलं कुणी? ते मेंदूनं ठरवलं.

मी गेली पंचवीस वर्षं लहान मुलांच्या श्रवणतपासणीचं काम करते आणि कर्णबधिर मुलांना ऐकायला-बोलायला शिकवते. कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झालेली मुलं आमच्याकडे येतात. पहिल्याच दिवशी आईवडील विचारतात, ‘‘मॅडम, ऑपरेशन तर चांगलं झालं. आता हा बोलायला कधी लागेल?’’ त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाचा कान असतो आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचा मेंदू असतो. आज बोलायचं आहे ते या मेंदूविषयी. ऐकूच आलं नाही तर त्याच्यात काय बदल होतात, आणि विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी त्याला आवाज पोचवला तर काय होतं, हे समजून घेतलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी आवाजाचा प्रवास थोडक्यात पाहू. हवेतली कंपनं कानाच्या पडद्यावर आदळतात आणि तीन इवल्याशा हाडांच्या साखळीतून आतल्या कानात जातात. तिथं वाटाण्याएवढा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक शंख असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. हा शब्द मूळचा गोगलगाईचा. उलगडून सरळ केला तर हा शंख जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात पाणी असतं आणि एका पातळ पट्टीवर रोमपेशींच्या, म्हणजे केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या, रांगा असतात. मेंदूला बातमी देण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेत अशा साधारण साडेतीन हजार पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी तार स्वरांची जागा, टोकाशी खर्जाची. हार्मोनियमवर स्वर जसे क्रमानं मांडलेले असतात, तशीच ही मांडणी. आवाजाची लाट या शंखात कशी धावते, हे शोधून काढणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

रोमपेशी हलली की विजेचा बारीकसा संदेश तयार होतो. सुमारे तीस हजार तंतूंची श्रवणनस तो संदेश उचलते. पण ही काही थेट मेंदूच्या माथ्यापर्यंत जाणारी गाडी नाही. वाटेत चार-पाच स्टेशनं लागतात. एका स्टेशनावर उजव्या आणि डाव्या कानाच्या बातम्यांची गाठ पडते आणि आवाज कुठल्या बाजूनं आला ते ठरतं. दोन कानांना आवाज पोचण्यात सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरक पडला, तरी आपल्याला तो जाणवू शकतो! पुढच्या स्टेशनांवर आणखी निवडानिवड होते आणि शेवटी संदेश कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या श्रवणकेंद्रात पोचतो. आवाजाचा शब्द होतो आणि शब्दाला अर्थ येतो तो तिथं आणि त्याच्या आसपासच्या भागांत.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा सगळा मार्ग बाळाला जन्मतः मिळतो खरा, पण तो कच्च्या रस्त्यासारखा असतो. रहदारीनंच तो पक्का होतो. ही रहदारी आईच्या पोटात, साधारण सहाव्या महिन्यापासून सुरू होते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० साली दाखवून दिलं, की अवघ्या तीन दिवसांच्या आतलं बाळ आपल्या आईचा आवाज दुसऱ्या बाईच्या आवाजातून ओळखतं आणि तो ऐकण्यासाठी चोखणीवर मुद्दाम वेगळ्या लयीत चोखतं.

दुसरा एक प्रयोग तर आपल्याला अगदी जवळचा वाटावा असा आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना आपल्याकडचे ‘ट’ आणि ‘त’ हे आवाज ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला हा फरक सहसा कळत नाही. आपली ‘पाटी’ आणि ‘पाती’ त्याला सारखीच. पण सहा ते आठ महिन्यांच्या त्या बाळांना फरक कळत होता! दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र त्यांची ती क्षमता बरीचशी ओसरली होती. १९८४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की मूल पहिला शब्द बोलायच्या आधीच त्याचा मेंदू कोणते आवाज ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याची निवड करत असतो. वरवर पाहता ते नुसतं पाळण्यात पडलेलं असतं, पण ते वर्ष त्याच्या शिक्षणातलं फार मोलाचं वर्ष असतं.

मग ज्या बाळाला जन्मापासून ऐकूच येत नाही, त्याचं काय होतं? अशा बऱ्याच मुलांत बिघाड रोमपेशींत असतो. माणसाच्या रोमपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पण श्रवणनस पुष्कळदा शाबूत असते आणि वरची स्टेशनंही जागेवर असतात. रस्ता आहे, गाड्या नाहीत, अशी ही अवस्था.

त्या ओस रस्त्याचं काय होतं, हे कळलं ते मांजरांमुळे. पांढऱ्या शुभ्र, निळ्या डोळ्यांच्या काही मांजरांना जन्मतः ऐकू येत नाही. या योगायोगाची नोंद डार्विननं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथातही केलेली आहे. श्रवणनस मेंदूत शिरते तिथल्या पहिल्याच स्टेशनावर तिच्या तंतूंची टोकं झाडाच्या फांद्यांसारखी पसरून पुढच्या पेशीला मिठी मारतात. ऐकू येणाऱ्या मांजरांत ही मिठी दाट असते. जन्मतः बहिऱ्या मांजरांत मात्र फांद्या कमी आणि दोन पेशींमधले जोड पसरट, बेढब झालेले आढळले. म्हणजे कानातल्या शांततेचा परिणाम मेंदूच्या पेशींच्या ठेवणीवर झाला होता.

वरच्या श्रवणकेंद्रात आणखीच वेगळा प्रकार होतो. शेतकरी श्रोत्यांना तो लगेच कळेल. एखाद्याचं शेत वर्षानुवर्षं पडीक राहिलं की शेजारचा हळूहळू बांध कोरत आत येतो आणि तिथं आपलं पीक घेतो. मेंदूही जमीन पडीक ठेवत नाही. आवाज येत नसेल तर नजर आणि स्पर्श ही शेजारची मंडळी श्रवणकेंद्राच्या काही भागांत शिरतात. स्टीफन लोम्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की बहिऱ्या मांजरांना डोळ्यांच्या कडेनं दिसणाऱ्या गोष्टी आणि हालचाली इतर मांजरांपेक्षा जास्त चांगल्या टिपता येतात. संशोधकांनी त्यांच्या श्रवणकेंद्राचे ठरावीक भाग थंड करून तात्पुरते बंद केले, तेव्हा ही जादा शक्ती नाहीशी झाली. म्हणजे ऐकण्याच्या जागेत बघण्याचं काम चाललं होतं! आपल्या आजूबाजूच्या कर्णबधिर व्यक्तींची नजर किती चौफेर असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही. यात वाईट काही नाही. मेंदूची ही शहाणी काटकसर आहे. अडचण येते ती पुढं, कधीतरी आवाज परत येऊन आपली जागा मागू लागतो तेव्हा.

आवाज परत आणण्याच्या खटपटीचा इतिहासही मोठा रंजक आहे. विजेच्या बॅटरीचा जनक व्होल्टा यानं आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्या बॅटरीला जोडल्या होत्या. डोक्यात जोराचा धक्का बसला आणि काहीतरी दाट पदार्थ रटरटत असावा तसा आवाज आला, असं त्यानं १८०० साली लिहून ठेवलं. पुन्हा तो प्रयोग करायची त्याची काही छाती झाली नाही. पुढं १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणनसेजवळ तार ठेवून तिला विजेनं चेतवलं. रुग्णाला आवाजाची लय कळू लागली. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांनी रुग्णांच्या कानात तार बसवायला सुरुवात केली.

पण अनेक जाणकार मान हलवत होते. तीस हजार तंतूंचं काम एक-दोन तारा कशा करणार? ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांनी हार मानली नाही. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे दुकानात होणारी त्यांची कुचंबणा क्लार्कनी लहानपणापासून पाहिली होती. शंखाच्या वेढ्यांत तार आतवर सरकवायची कशी, हा त्यांच्यापुढचा पेच होता. १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर सुटीत असताना त्यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाशी लवचिक आणि बुडाशी ताठ अशी पाती वळणं घेत अलगद आत गेली. तारही तशीच हवी, हे त्यांच्या लक्षात आलं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अपघातात श्रवणशक्ती गमावलेले रॉड सॉन्डर्स यांच्या कानात अनेक इलेक्ट्रोड असलेलं यंत्र बसवलं. त्याच सुमारास, १९७७ च्या डिसेंबरात, व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्यानं घडवलेलं यंत्रही बसवलं गेलं होतं. पुढं ब्लेक विल्सन यांनी आवाजाची विजेच्या ठोक्यांत मांडणी करण्याची अशी रीत काढली, की बोलणं पूर्वीपेक्षा पुष्कळच स्पष्ट कळू लागलं. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना २०१३ साली वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे यंत्र करतं काय? कानामागं अडकवलेला मायक्रोफोन आवाज पकडतो. छोटासा संगणक त्याचे तार-मंद्र असे भाग पाडतो. डोक्यावर चुंबकानं चिकटलेली चकती ते कातडीपलीकडच्या भागाला बिनतारी पोचवते, आणि शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरचे इलेक्ट्रोड आपापल्या जागी नसेला विजेचे ठोके देतात. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. हे यंत्र रोमपेशींना बाजूला ठेवून थेट नसेशी बोलतं.

आता हिशेब बघा. साडेतीन हजार रोमपेशींच्या जागी इलेक्ट्रोड असतात बारा ते बावीस! तरीही माणसाला बोलणं कळतं. कसं? रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली चांगलं ऐकू येणाऱ्या माणसांना मुद्दाम बिघडवलेलं बोलणं ऐकवलं. आवाजाचे फक्त चार पट्टे ठेवले, बाकीचा सगळा बारकावा काढून टाकला. थोड्या सरावानंतर त्यांना शांत खोलीत बहुतेक सगळं बोलणं समजू लागलं. उरलेलं मेंदू भरून काढत होता. पण भरून काढायला मेंदूत आधी भाषा साठलेली हवी. पुसट झालेली पाटी आपण वाचू शकतो, कारण अक्षरं आपल्याला माहीत असतात. ज्याला अक्षरंच माहीत नाहीत, त्यानं काय वाचावं?

म्हणूनच एकाच यंत्राचा दोन माणसांना मिळणारा फायदा इतका वेगळा असतो. चाळीस वर्षं ऐकून-बोलून मग आजारानं किंवा अपघातानं बहिरा झालेला माणूस घ्या. त्याच्या मेंदूतला रस्ता पक्का झालेला असतो. यंत्र सुरू झाल्यावर पहिल्यांदा त्याला माणसांचं बोलणं कार्टूनमधल्या पात्रांसारखं किंवा नुसतं पीं-पीं असं ऐकू येतं. पण काही आठवड्यांत, महिन्यांत तेच आवाज ओळखीचे वाटू लागतात. यंत्र तेच असतं, मेंदूनं जुळवून घेतलेलं असतं. उलट जन्मतः बहिरा असलेला, विशीत पहिल्यांदा इम्प्लांट बसवणारा तरुण घ्या. दाराची घंटा, गाडीचा हॉर्न त्याला कळतात. ओठ बघून बोलणं समजण्यात मदत होते. पण नुसतं ऐकून वाक्य उलगडणं बहुतेकांना फार अवघड जातं. दोघांचीही शस्त्रक्रिया निर्दोष झालेली असते. फरक असतो तो मेंदूच्या पूर्वतयारीचा.

मग लहान मूल? त्याच्याकडे पूर्वीची भाषा नाही, पण त्याचा रस्ता अजून घडतो आहे. इथंच विजेच्या चेतवण्यानं मेंदू बदलतो याचे पुरावे पाहण्यासारखे आहेत. जर्मनीत राइनर क्लिंके, आंद्रेय क्राल आणि सहकाऱ्यांनी जन्मतः बहिऱ्या मांजराच्या पिल्लांना इम्प्लांट बसवून ते रोज सुरू ठेवलं. काही आठवड्यांतच पिल्लं ठरलेल्या आवाजाला खाऊसाठी धावत येऊ लागली, आणि काही महिन्यांत त्यांच्या श्रवणकेंद्रात आवाजाला साद देणारा भाग विस्तारला. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. उशिरा इम्प्लांट बसवलेल्या मांजरांत हा विस्तार फारच कमी झाला, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. २००५ साली अमेरिकेतल्या डेव्हिड रायगो यांच्या गटानं त्या पहिल्या स्टेशनावरच्या मिठीची तपासणी केली. पिल्लांना तीन महिने विजेचे ठोके मिळाल्यावर पसरट झालेले जोड पुन्हा नेहमीसारखे दिसू लागले होते. मोडकळीस आलेला पूल रहदारी सुरू होताच दुरुस्त व्हावा, तसाच हा प्रकार.

मुलांच्या मेंदूत असं डोकावता येत नाही, पण डोक्यावर चकत्या लावून मेंदूच्या लहरी मोजता येतात. आवाज झाल्यापासून श्रवणकेंद्राचा पहिला ठळक प्रतिसाद किती वेळानं येतो, ते यात पाहतात. नवजात बाळात त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. वय वाढतं तसा हा वेळ कमी होत प्रौढपणी ६० च्या आसपास येतो. रस्ता जितका पक्का, तितकी गाडी लवकर. अमेरिकेतल्या अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली १०४ जन्मतः बहिऱ्या मुलांच्या नोंदी मांडल्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलेल्या मुलांचा प्रतिसाद वयाला साजेसा आढळला. सुरुवातीचा उशीर पहिल्या सहा-आठ महिन्यांतच भरून निघत होता. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तो भरून निघाला नाही. मधल्या वयात काहींचा निघाला, काहींचा नाही. आणि २००१ साली कोरियातल्या संशोधकांनी असंही दाखवलं, की ज्या मुलांचं श्रवणकेंद्र शस्त्रक्रियेपूर्वी शांत होतं, म्हणजे शेजाऱ्यानं बांध ओलांडला नव्हता, त्यांना नंतर बोलणं जास्त चांगलं समजू लागलं.

साडेतीन वर्षं ही काही दार धाडकन बंद होण्याची वेळ नाही. दार हळूहळू लोटलं जातं. पण ते लोटलं जातंय, हे विसरून चालत नाही.

आता त्या आईवडिलांच्या प्रश्नाकडे येते. हा बोलायला कधी लागेल? शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी मूल दचकतं, रडतं, किंवा नुसतंच थबकून बघतं. नातेवाईक मोबाइलवर चित्रण करायला जमलेले असतात आणि काहीजणांची निराशा होते. मी त्यांना सांगते, आजपासून याचं श्रवणवय मोजा. मूल तीन वर्षांचं दिसत असलं तरी ऐकण्याच्या बाबतीत आज त्याचा बारसा आहे. ऐकू येणारं बाळसुद्धा पहिला शब्द बोलायला वर्ष घेतं. या मुलालाही ऐकण्याचं वर्ष द्या.

ते वर्ष दवाखान्यात जात नाही, घरात जातं. आठवड्यातले दोन-तीन तास मूल माझ्याकडे असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे. जागेपणी यंत्र सतत कानावर हवं. सकाळी यंत्र लावलं की पाठीमागून ‘आ, ई, ऊ, म, श, स’ हे सहा आवाज काढून बघायचे. खर्जापासून अगदी तीक्ष्ण आवाजापर्यंत सगळं पोचतंय की नाही, ते दोन मिनिटांत कळतं. मग दिवसभर बोलत राहायचं. कुकरची शिट्टी झाली की थांबून म्हणायचं, ‘‘ऐकलंस? शिट्टी झाली!’’ भात कालवताना भाताविषयी, अंघोळ घालताना पाण्याविषयी. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. घरातली आजी जर बोलघेवडी असेल, तर तिच्यासारखी थेरपिस्ट नाही. यंत्राचं सेटिंग मात्र ठरलेल्या तारखांना करून घ्यावंच लागतं, आणि वायर, बॅटरी, दुरुस्ती यांचा खर्च पुढं चालू राहतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. बिघडलेल्या वायरीपायी महिना-महिना यंत्र डब्यात पडून राहिलं, तर तो महिना मेंदूच्या खात्यातून जातो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. मुलाशी खाणाखुणा केल्या तर ते बोलणार नाही, अशी भीती पुष्कळ घरांत असते. मेंदूला भाषेची भूक असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याला तो फार महत्त्व देत नाही. सांकेतिक भाषा लहानपणापासून वापरणाऱ्या कर्णबधिर माणसांत मेंदूच्या डाव्या भागातली, आपण बोलण्यासाठी वापरतो तीच केंद्रं काम करतात. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. आपल्याकडच्या भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. इम्प्लांट सगळ्यांनाच बसवता येत नाही, सगळ्यांना ते हवं असतंच असंही नाही, आणि श्रवणनसच तयार झालेली नसेल तर त्याचा उपयोगही नाही. कर्णबधिर समाजातली अनेक मंडळी सांकेतिक भाषेत शिकून उत्तम काम करतात, आणि आम्हाला दुरुस्तीची गरज नाही, असं अभिमानानं सांगतात. त्यांचं म्हणणं आदरानं ऐकलं पाहिजे. मुलाचं खरं नुकसान होतं ते कोणतीच भाषा न मिळण्यानं. यंत्राची वाट पाहत दोन वर्षं घरात त्याच्याशी कुणी काहीच बोललं नाही, ना तोंडानं ना हातानं, तर त्या दोन वर्षांची भरपाई फार अवघड असते.

आणि नेमकी ही वर्षं आपल्याकडे कशी जातात, ते मी रोज बघते. मूल दीड वर्षाचं होतं, बोलत नाही. आईला शंका येते. घरातले म्हणतात, ‘‘याचे बाबाही उशिराच बोलले होते.’’ कुणी मागं जाऊन थाळी वाजवतं, मूल वळतं, सगळे निर्धास्त होतात. अहो, थाळीचा दणका जमिनीतून, हवेतून अंगाला जाणवतो, सावली हलते, आईचा चेहरा बदलतो. मूल त्यानंही वळतं! शिवाय थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलाला थाळी ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘क’ येत नाहीत. थाळीनं श्रवण तपासता येत नाही. मग नवस होतात, जिभेखालचा पडदा कापून होतो, बालवाडीत घालून बघतात. आमच्याकडे येईपर्यंत मूल चार वर्षांचं झालेलं असतं.

जगभरात दर हजार बाळांमागं साधारण एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. ते ओळखायला आज बाळ बोलण्याची वाट पाहावी लागत नाही. निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय मंद प्रतिध्वनी सोडतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं. त्यावर आधारलेली ‘ओएई’ तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडशी लावून काही मिनिटांत होते. सुई नाही, औषध नाही, दुखणं नाही. त्यात शंका आली तर ‘बेरा’ नावाच्या तपासणीत नसेचा आणि पुढच्या स्टेशनांचा प्रतिसाद मोजतात. जे बाळ कमी दिवसांचं होतं, काचेच्या पेटीत राहिलं, ज्याला जोराची कावीळ किंवा मेंदूज्वर झाला, किंवा ज्याच्या घरात आधी कुणी कर्णबधिर आहे, त्याची तपासणी तर चुकवूच नये. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असं हे वेळापत्रक जगभर मानलं जातं.

सोयी अगदीच नाहीत असं नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळतं, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं काम पाहते. पण योजनेपर्यंत पोचायला आधी निदान व्हावं लागतं, आणि निदानासाठी कुणीतरी बाळाला उचलून तपासणीला न्यावं लागतं.

विज्ञान पुढं जातंच आहे. एका विशिष्ट जनुकातल्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुक-उपचारानं ऐकू येऊ लागल्याचं २०२४ साली चीनमधून प्रसिद्ध झालं. उद्या याहूनही चांगले उपाय येतील. पण उपाय कोणताही असो, त्यानं पाठवलेला आवाज ऐकणारा मेंदू वाढत्या वयाचाच असणार आणि त्याला बोलून शिकवणारी माणसं घरातलीच असणार.

म्हणून एवढीच विनंती. तुमच्या घरात, शेजारात नुकतंच बाळ जन्मलं असेल, तर बारशाला झबलं-टोपडं न्याल तेव्हा विचारा, ‘‘कानाची तपासणी झाली का हो?’’ आईला शंका असेल तर तिला गप्प करू नका, तिच्याबरोबर जा. तपासणीत काही निघालं नाही तर एक सकाळ गेली. निघालं, तर त्या मुलाची काही वर्षं वाचली.